पहिला भारतीय सुपरहिरोपट: कुठला आणि कसा बघावा?

कोपऱ्यातली खुर्ची
मार्व्हल-डीसीचे बहुतेक सगळे बघून झालेत, पण आपल्याकडचा एकही सुपरहिरोपट धड पाहिलेला नाही. शनिवारी रात्री घरीच बघायचा बेत आहे. प्रेक्षक चार: आम्ही दोघं, सासरे आणि दहा वर्षांची लेक. जो तो ‘मिन्नल मुरली’चं नाव घेतो. मल्याळम कुणालाच येत नाही. सुरुवात त्यानेच करावी का? हिंदी डबिंग की मूळ भाषा? आणि गाणी, प्रेमप्रकरणं, घरच्या भानगडी यातलं काय पुढे ढकललं (फॉरवर्ड केलं) तर चालेल? कथा फोडू नका, प्लीज.

बाल्कनीचं तिकीट
त्यानेच करा. २४ डिसेंबर २०२१ ला थेट नेटफ्लिक्सवर आला, दिग्दर्शक बेसिल जोसेफ, लांबी २ तास ३८ मिनिटं. मिन्नल म्हणजे वीज. नव्वदच्या दशकातलं कुरुक्कनमूला नावाचं काल्पनिक गाव. तिथला शिंपी जेसन (टोव्हिनो थॉमस) आणि चहाच्या दुकानात राबणारा शिबू (गुरु सोमसुंदरम) या दोघांवर वीज पडते. इतकं सांगून काही फुटत नाही, हे सुरुवातीलाच कळतं.

नवा प्रेक्षक फसतो तो एकाच ठिकाणी: ‘आता हा जग वाचवायला कधी निघणार’ म्हणून घड्याळ बघत बसतो. इथे जग धोक्यात नाहीच. जेसनला अमेरिकेला जायचंय आणि शिबू अठ्ठावीस वर्षं उषा नावाच्या एका बाईसाठी झुरतोय. शक्ती आल्यावर दोघं काय करतात यापेक्षा गाव त्या दोघांना आधीपासून कसं वागवत आलंय तिकडे लक्ष ठेवा. जेसनचं चुकलं तरी सांभाळून घ्यायला घर आहे, शिबूला ते नाही. सगळा डोलारा त्या फरकावर उभा आहे, म्हणून ‘घरच्या भानगडी’ वगळल्यात तर हातात नुसती हाणामारी उरेल. गाण्यांचंही तेच. शिबू आणि उषा यांचं गाणं तर चुकूनही ढकलू नका, संवादांत न आलेलं बरंच काही तिथे उलगडतं.

आणखी एक, हे सबटायटलमध्ये कधीच येत नाही: मुंडूकडे (केरळी लुंगीकडे) बघा. केरळात मुंडूचा खालचा काठ उचलून, दुमडून कमरेला खोचतात. खोचला म्हणजे माणूस कामाला, नाहीतर भांडायला सज्ज. वडीलधाऱ्यांसमोर तोच खाली सोडतात, तो मान. एखादं पात्र बोलता बोलता मुंडू वर खोचताना दिसलं की समजा, आता काहीतरी पेटणार.

आवाज कमी करा
भाषेबद्दल. नेटफ्लिक्सवर चित्रपट सुरू केल्यावर ऑडिओच्या यादीत मल्याळमपुढे ‘मूळ’ असं लिहिलेलं दिसेल, ते निवडा आणि सबटायटल इंग्रजी ठेवा. आधी वेगळी भाषा निवडलेली असेल तर अ‍ॅप तीच लावून मोकळं होतं, त्यामुळे पहिल्या मिनिटातच तपासा. हिंदी ऑडिओ आणि इंग्रजी सबटायटल ही जोडी टाळा. दोन्ही भाषांतरं स्वतंत्रपणे केलेली असतात, कानावर एक आणि डोळ्यांसमोर दुसरंच, दहा मिनिटांत डोकं उठतं.

मूळ भाषेचा हट्ट मुख्यतः शिबूसाठी. सोमसुंदरम तमिळ नट, मुळात रंगभूमीवरचा. उषासमोर त्याचा आवाज रडणं आणि हसणं यांच्या मधे कुठेतरी थरथरतो. डबिंगमध्ये तो आवाजच दुसऱ्याचा होतो. आणि ‘चेट्टा’ (थोरला भाऊ), ‘चेची’ (थोरली बहीण), ‘मोने’ (बाळा) हे तीन शब्द आधीच लक्षात ठेवा. सबटायटलमध्ये ते बहुतेक वेळा गळतात आणि कोण कुणाला मान देतंय, कोण मुद्दाम देत नाहीये, ते कळत नाही.

टीव्हीचंही बघा. ‘मोशन स्मूदनिंग’ किंवा तशा नावाची सोय बंद करा, नाहीतर सेकंदाला २४ चौकटींचं चित्र दैनंदिन मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं आणि स्लो मोशनची सगळी मजा जाते. रात्रीची, आगीची दृश्यं बरीच आहेत, ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘सिनेमा’ मोड लावा. नुसत्या टीव्हीच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर ५.१ (अनेक स्पीकरसाठीचा आवाज) सोडून स्टिरिओ घ्या. संवाद मधल्या चॅनेलवर असतात, साध्या स्पीकरवर ते संगीताखाली दबतात.

ठेंगणी
मूळ भाषा वगैरे ठीक आहे, पण दहा वर्षांची मुलगी आणि सासरे अडीच तास इंग्रजी सबटायटल वाचणार? पोर अर्ध्या तासात उठून जाईल. या प्रेक्षकवर्गाला हिंदी डबिंग लावा, काही पाप लागत नाही. तुम्ही दोघं नंतर मूळ भाषेत परत बघा. फक्त शेवटच्या भागात आग आणि मृत्यू आहेत, मुलगी हळवी असेल तर आधी कल्पना द्या.

किंवा सरळ १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ लावा. भाषेचा प्रश्न नाही, घर मुलांनी भरलेलं, आणि नियम लेकीला एका वाक्यात सांगता येतो: मनगटावरचं यंत्र लावलं की माणूस अदृश्य, पण लाल प्रकाशात दिसतो. हा एक नियम जिथे वापरलाय ते प्रसंग पोरं बरोबर टिपतात. जवळजवळ तीन तासांचा आहे, आणि बॉम्बस्फोटाचा प्रसंग लहानांना जड जातो.

बाल्कनीचं तिकीट
ठेंगणी, मुलीचा मुद्दा मान्य. ‘मिस्टर इंडिया’ मात्र दुसऱ्या शनिवारी. सासऱ्यांनी तो बहुधा चारदा पाहिला असेल, संवाद आधीच म्हणून टाकतील.

मध्यंतराबद्दल सांगायचं राहिलं. आपल्याकडची पटकथा दोन तुकड्यांत लिहितात, पहिला तुकडा मोठ्या झटक्यावर थांबतो. सव्वा ते दीड तासाच्या दरम्यान तसा झटका आला की पॉज करा, जेवणं उरका. भलत्याच ठिकाणी थांबलात तर उत्तरार्धाची चढण पुन्हा पहिल्यापासून चढावी लागते.

कोपऱ्यातली खुर्ची
धन्यवाद सगळ्यांना. हिंदीच लावतो, मूळ नंतर आम्ही दोघं. पुढचा म्हणून ‘क्रिश’ बघायचा तर ‘क्रिश २’ कुठेच सापडत नाही?

आवाज कमी करा
नाहीच तो. ‘कोई... मिल गया’ (२००३) पहिला, ‘क्रिश’ (२००६) दुसरा, म्हणून २०१३ चा थेट ‘क्रिश ३’. क्रम मोडू नका, ‘क्रिश’चा नायक कृष्णा, त्याची शक्ती त्याच्या बापाकडून आलेली आहे आणि बापाला ती कशी मिळाली ते पहिल्यात आहे. ‘क्रिश’मध्ये मुखवटा यायला बराच वेळ लागतो, आधी डोंगरातलं प्रेमप्रकरण आहे. तिथली गाणी ढकललीत तरी मी काही बोलणार नाही.

सातवीण
मिन्नल आवडला तर २०२५ चा ‘लोका चॅप्टर १: चंद्रा’ घ्या, हाही मल्याळम, पण बंगळुरूत घडणारा आणि नायिका सुपरहिरो (कल्याणी प्रियदर्शन). याला मात्र थोडी तयारी लागते, कारण मुळाशी कल्लियन्काट्टु नीली या यक्षीची केरळी दंतकथा आहे. तिकडची यक्षी पाला झाडावर राहते (आपली सातवीण, सप्तपर्णी), रात्रीच्या वाटसरूला पानासाठी चुना मागते आणि त्याचा जीव घेते. नीलीला कडमट्टत्तु कत्तनार नावाच्या मांत्रिक ख्रिस्ती पाद्र्याने वश केलं, अशी कथा. एवढं डोक्यात ठेवून बसलात की मल्याळी प्रेक्षक जिथे शिट्ट्या मारतो तिथे तुम्हाला ‘काय झालं?’ विचारावं लागणार नाही.

ठेंगणी
आणि मराठीतला हवा असेल तर ‘बाजी’, २०१५, निखिल महाजन दिग्दर्शक, मुखवट्यामागे श्रेयस तळपदे. सासऱ्यांना सबटायटल नकोत आणि डबिंगही नको!