मदत हवी आहे: नव्या स्पोर्ट टूरर बाईकचं हँडल वर घेता येईल का?

नमस्कार मंडळी. जुनी स्पोर्ट टूरर देऊन तिचंच नवं मॉडेल घेतलं आणि मन खट्टू झालंय. गाडी देखणी आहे, इंजिनही झकास; पण लांब पल्ल्याला आरामात बसायचं सुखच कंपनीनं काढून घेतलं. हँडल खाली गेलंय, फुटपेग (पाय ठेवायचे दांडे) मागे सरकलेत. सोलापूरहून पुणे हायवेला टेंभुर्णी येईपर्यंत सगळा भार मनगटांवर येतो, अंगठ्यापाशी मुंग्या येतात. समोरची काच आखूड, वारा थेट छातीवर. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या सिग्नलला पंखा सुरू झाला की रेडिएटरची झळ जीन्समधूनही मांडीला चटका देते. साइड बॅगा अडकवायची सोयसुद्धा काढलीय, हे तर टूरिंगच्या गाडीत पटतच नाही.

कोणी हँडल रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे जोडतुकडे, बसवलेत का? 20-25 मिमी वर घेतल्यावर हँडल पूर्ण वळवताना क्लच केबल आणि ब्रेक होज (ब्रेक ऑइलची नळी) ताणले जातात का? शोरूमवाले वॉरंटी जाईल म्हणतात. पूर्ण गाडीची की तेवढ्याच भागाची? सोलापुरात सीटचा फोम बदलून नीट शिवून देणारा कारागीर असेल तर तेही सांगा. पावसाळा संपला की विजापूरमार्गे हंपीला जायचंय, त्याआधी हे मार्गी लावायचंय.