मदत हवी आहे: टेक्सासमधली लव्हिंग काउंटी कोणी पाहिलीये का?

नमस्कार मंडळी, लेक सातवीत आहे, इथे टेक्सासमध्ये सातवीला राज्याचा इतिहास असतो आणि प्रोजेक्टसाठी चिठ्ठी निघाली ती लव्हिंग काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं). मला आधी वाटलं प्रेमाबिमाचं नाव असेल, पण नाही, ऑलिव्हर लव्हिंग नावाचा गुरांचे कळप हाकणारा माणूस होता, 1867 मध्ये पेकोस नदीकाठी कोमान्ची या मूळ अमेरिकन जमातीच्या हल्ल्यात जखमी झाला आणि पुढे त्यातच गेला, त्याचं आडनाव. एरिया साधारण 1750 चौरस किमी, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट, आणि 2020 च्या जनगणनेत माणसं किती तर 64! आमच्या चाळीत यापेक्षा जास्त होती.

आता अडलंय कुठे ते सांगते. 1893 ला काउंटीचा कारभार सुरू झाला, 1897 ला सरकारने तो गुंडाळून ती रीव्ह्स काउंटीला जोडली, मग तेल निघाल्यावर 1931 ला परत उभी केली. तर मधल्या काळात तिथे राहणाऱ्यांच्या जमिनीचे कागद, टॅक्स वगैरे सगळं रीव्ह्सच्या मुख्य गावात, पेकोसलाच व्हायचं ना? जुने नकाशे ऑनलाइन कुठे मिळतील?

आणि मिडलंड-ओडेसा शहरांकडचे कोणी मेंटोनला, म्हणजे लव्हिंग काउंटीच्या मुख्य गावी, गेलेत का? 302 हायवेवर तेलाच्या ट्रकांची फार गर्दी असते म्हणतात, लहान मुलीला घेऊन एका दिवसात जाऊन येणं जमेल का? तिला कोर्टहाऊसचा फोटो स्वतःच काढायचाय, ऐकतच नाहीये. सबमिशन पुढच्या शुक्रवारी, प्लीज लवकर सांगा 🙏