२ किलो १०० ग्रॅमची नात आणि दोन खोल्यांचे घर : छातीशी धरण्याचे उपचार कसे जमवावेत?

प्रश्न (आजी, ऐरोली)

माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे माहेरी आली आहे. छत्तिसावा आठवडा चालू असताना तिला मुलगी झाली आणि जन्मवजन २ किलो १०० ग्रॅम भरले. पाचव्या दिवशी घरी सोडताना परिचारिकेने बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी ठेवायला सांगितले; परंतु निघण्याच्या गडबडीत आम्हाला ते नीट समजले नाही. दुसऱ्याच दिवशी मालीशवाल्या बाईंनी बाळाला तेल चोळून न्हाऊ घातले. अर्ध्या तासाने मी तिचे पाय हातात घेतले, तर तळवे गार पडलेले होते आणि ती दूधही ओढेना. दुपट्यात गुंडाळून आईजवळ निजवल्यावर ती पुन्हा ऊबदार झाली आणि दूध प्यायली. पण माझ्या मनातली धास्ती गेलेली नाही. थोरल्या जाऊबाई शेगडी पेटवून ओवा-शेपाची धुरी द्यायला सांगतात. घरात सहा माणसे आहेत आणि बाहेर मे महिन्याचा उकाडा आहे. अशा घरात हे छातीशी धरणे किती वेळ आणि कसे करावे?

उत्तर (नवजात शिशु विभागातील परिचारिका, ठाणे)

काकू, तळवे हाताने पाहण्याची तुमची सवय फार मोलाची आहे, ती सोडू नका. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळव्यांना लावावी. दोन्ही ऊबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट ऊबदार आणि तळवे गार असतील तर बाळ ऊब टिकवण्यासाठी झगडत आहे. त्यात त्याची शक्ती खर्च होते आणि वजन वाढत नाही. दोन्ही गार असतील तर बाळाला छातीशी धरूनच रुग्णालय गाठावे. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या कातडीखाली चरबी फारच थोडी असते, म्हणून आपल्याला घाम फुटत असतानाही ते पंख्याच्या झोताखाली गार पडू शकते.

बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे घालावेत. लेकीने पुढून उघडणारा गाऊन घालून उशांना टेकून बसावे आणि बाळाला दोन स्तनांच्या मधोमध उभे धरावे. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे नाकपुड्या मोकळ्या राहतील. वरून जुन्या सुती साडीचा पट्टा बाळाच्या कानाखालपर्यंत घट्टसर बांधावा. एका वेळी किमान एक तास तरी धरावे, कारण बाळाला सारखे काढण्या-ठेवण्यात ऊब जाते. दिवसभरात आठ तासांहून जितके अधिक जमेल तितके चांगले. ही पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोता येथे कमी वजनाच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना सुरू झाली. आज पेट्या असलेल्या रुग्णालयांतही आम्ही ती आवर्जून वापरतो.

धुरीला मात्र स्पष्ट नकार द्या. बंद खोलीतला धूर इतक्या लहान फुप्फुसांना सोसत नाही. वजन वाढेपर्यंत अंघोळीऐवजी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. नाका-कानांत तेल घालू नये आणि नाळेला काहीही न लावता ती कोरडी ठेवावी.

उत्तर (आशा कार्यकर्ती, घणसोली)

मावशी, तुमच्या वस्तीतील आशाताईंना आजच निरोप द्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन वजन, ताप आणि नाळ पाहणे हे आमचे कामच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेता येते हे दाखवून दिले, आणि आज आम्ही जे करतो त्याचे मूळ तिथे आहे. जाऊबाईंशी वाद घालू नका. आमच्या भेटीच्या वेळी त्यांना शेजारी बसवा आणि बाळाचे तळवे त्यांच्याच हाताने पाहू द्या.

उत्तर (एक वडील, कळवा)

आमचा मुलगा १ किलो ८०० ग्रॅमचा होता. पत्नीला शस्त्रक्रियेनंतर बसवत नव्हते, त्यामुळे रात्री दहा ते एक मी त्याला छातीशी धरत असे. जावईबापूंनाही शिकवा. अंगाला सुगंधी पावडर किंवा अत्तर नको आणि सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जवळ जाऊ नये, एवढे आम्हाला बजावले होते.

प्रश्नकर्त्या आजी

आपणा सर्वांचे आभार. काल लेकीने दोन तास आणि मी एक तास धरले. तळवे ऊबदार राहिले. मात्र ती दूध पिताना पाच मिनिटांत झोपी जाते. तिला उठवावे का?

परिचारिका, ठाणे

होय काकू, दर दोन तासांनी उठवावे, रात्रीसुद्धा. दुपटे काढून तळव्यांना हलकेच चोळले की ती जागी होईल. तरीही ओढत नसेल तर लेकीने हाताने दूध काढून स्वच्छ, उकळलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे पाजावे, बाटली नको. दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल तर दूध पुरते आहे असे समजावे. बाळ अजिबात दूध ओढेनासे झाले, शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाला, छाती आत खेचली जाऊ लागली, झटके आले, ताप आला किंवा हाता-पायांचे तळवे पिवळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार पहिले वर्षभर मोफत असतात, त्यामुळे खर्चाच्या विचाराने थांबू नका.