मदत हवी आहे: लांब सुई कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. पावसात दुचाक्या घसरतात आणि बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पोचेपर्यंत सहज तास जातो, म्हणून विचारतोय.

छातीला मार लागलेला पेशंट, दम कोंडलेला, मानेच्या शिरा टरारलेल्या, एका बाजूला स्टेथोस्कोपला आवाजच नाही, बीपी कोसळतंय. म्हणजे टेन्शन न्यूमोथोरॅक्स, फुप्फुसाबाहेर छातीत हवा कोंडून दाब वाढलेला. इथे एक्सरेची वाट बघत बसायचं नसतं, सुई घालून ती हवा लगेच बाहेर काढायची. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते सुईवर. आमच्याकडचा १४ गेजचा (जाड) साधा कॅन्युला, म्हणजे वर प्लास्टिकची नळी असलेली सुई, जेमतेम साडेचार सेंटिमीटर. जाडजूड माणसात तो पोचतच नाही, मग फस्स आवाज कुठला यायला!

२०१८ च्या एटीएलएसनुसार (अपघातातल्या जखमींवरच्या उपचारांचा डॉक्टरांसाठीचा अभ्यासक्रम) मोठ्यांत सुई घालायची जागा बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे. लहान मुलांत मात्र जुनीच, दुसऱ्या फटीतली. मला पटतं. पण बाजूला घातलेला कॅन्युला स्ट्रेचरवर हात खाली आला की मुडपतो. तुम्ही तो कसा बसवता?

आठ सेंटिमीटरची सुई पणजी-म्हापशात कुणाकडे मिळते का? आणि छेद देऊन बोटाने फट मोकळी करण्याची पद्धत (फिंगर थोराकोस्टॉमी) इथे कुणी हाताने शिकवेल का? नुसते व्हिडिओ नकोत, कृपया.