जर्मनीतील वॉलमार्ट: हसण्यापलीकडची कारणे
वॉलमार्ट ही अमेरिकी दुकानसाखळी जर्मनीत फसली ती कॅशियरना ग्राहकांकडे पाहून हसण्याची सक्ती केल्यामुळे, असे म्हटले जाते. गोष्ट रंजक आहे, पण तेवढ्यावरून 85 दुकाने विकण्याची वेळ येत नाही. 1997 मध्ये कंपनी तिथे उतरली तेव्हा स्वस्ताईची जागा आल्डी आणि लिडल या जर्मन स्वस्त दुकानसाखळ्यांनी आधीच व्यापली होती. त्यात दुधासारख्या वस्तू खरेदीच्या किमतीहून कमी दराने विकण्यास तिथल्या स्पर्धा नियामकाने 2000 साली मनाई केली (आल्डी आणि लिडललाही, हे खरे). मला मात्र कामगारांचे प्रकरण अधिक बोलके वाटते. सहकाऱ्यांमधील प्रेमसंबंधांवर निर्बंध घालणारी आणि एकमेकांच्या चुका कळवण्यासाठी फोन नंबर देणारी आचारसंहिता कंपनीने कामगार मंडळाला (कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मंडळाला) न विचारता लागू केली, आणि 2005 मध्ये वुपर्टाल शहरातील कामगार न्यायालयाने तिच्यातील काही कलमे रोखली. अशा बाबतीत मंडळाची संमती हा निव्वळ उपचार नसतो, हे तिथला कोणताही मुरलेला व्यवस्थापक सांगू शकला असता. पण सुरुवातीचा प्रमुख अमेरिकेहून पाठवलेला होता आणि त्याला जर्मन येत नव्हते. 2006 मध्ये ती 85 दुकाने मेट्रो या जर्मन किरकोळ विक्री समूहाने घेतली.