मदत हवी आहे: मॉरिस मायनरचे हेडलाइट मंद, १००/९० चे बल्ब टाकू का?

निळीकाच
माझ्या जुन्या ब्रिटिश मायनर गाडीचे दिवे इतके मंद आहेत की समोरून गाडी आली की रस्त्याची कडच दिसेनाशी होते. जुने सीलबंद दिवे काढून एच-४ बल्बवाले सात इंची गोल दिवे बसवले, ६०/५५ वॉटचे हॅलोजन टाकले, तरी उजेड पिवळाच. मग एलईडीची जोडी आणली, ती पेटलीच नाही, दोन्ही खराब निघाले. आता सरळ १००/९० (लांबच्या म्हणजे हाय बीमला १०० वॉट, जवळच्या म्हणजे लो बीमला ९०) टाकतो. वायर जळेल का, एवढंच सांगा. शनिवारी रात्री निघायचंय, जरा लवकर.

खटका
१००/९० बाजूला ठेवा. आधी हे सांगा: गाडी कुठल्या सालची? वीज तयार करायला जुना डायनॅमो आहे की नवा अल्टरनेटर? बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय? आणि दिवे चालू असताना बल्बच्या मागे किती व्होल्ट मिळतात?

मोकळारस्ता
रिले (थोड्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) लावा आणि १००/९० बिनधास्त टाका. जाड वायर घेतली की काही जळत नाही.

चकाचक
काच पिवळी पडली असेल. १००० नंबरचा पाणपॉलिश कागद, मग २०००, मग पॉलिश. तासाभरात नव्यासारखी होते.

खटका
@चकाचक, ते प्लास्टिकच्या काचांसाठी. मायनरच्या दिव्याची काच खरोखरची काच असते, ती पिवळी पडत नाही. @निळीकाच, आतल्या रिफ्लेक्टरलाही पॉलिश लावायला जाऊ नका. त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, फडक्यानेही निघतो.

निळीकाच
१९६५ ची, १०९८ सीसी. डायनॅमो, त्यावर सी४० असं लिहिलंय. प्लस बॉडीला आहे. पण त्याचा दिव्यांशी काय संबंध? बल्ब कुठला घेऊ ते सांगा ना.

खटका
संबंध आहे. तुमचे एलईडी बहुतेक चांगले असतील. एच-४ च्या तीन पात्यांपैकी एक सामाईक अर्थची (बॉडीला जोडलेली) असते आणि बहुतेक एलईडी बल्ब तिथे मायनस येणार असं धरून बनवलेले असतात. तुमच्याकडे बॉडी प्लस, म्हणजे त्या पात्यावर प्लस आला. वीज उलटी गेली, दिवा पेटला नाही. हॅलोजनच्या तारेला उलटसुलट चालतं, म्हणून तो पेटतो. बल्ब टाकून देऊ नका, मायनस-अर्थच्या गाडीवर एकदा लावून बघा.

लखलखाट
दोन्हीकडून चालणारे एलईडीही मिळतात, ते घ्या. वीज निम्म्याहून कमी लागते, डायनॅमोवरचा भार हलका होतो. रिले नको, वायरिंग नको.

खटका
भार हलका होतो, हे मान्य. उजेडाच्या आकाराचं काय? रिफ्लेक्टर आणि काचेवरच्या रेघा एका बारीक, गोल तारेसाठी आखलेल्या असतात. हॅलोजनच्या लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, तिच्यामुळे वरचा उजेड कापला जातो. एलईडीचे चिप दोन सपाट बाजूंना. ते तारेच्या जागेपासून मिलिमीटरभर जरी सरकले तरी ती कापलेली रेषा पुसट होते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, लांबचं दिसत नाही. शिवाय पुष्कळ देशांत हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात एलईडी बसवणं नियमात बसत नाही.

कोळसाब्रश
१००/९० चा हिशेब मांडतो. सी४० डायनॅमो २२ अँपिअरचा, तोही इंजिन फिरतं असताना. ६०/५५ चे बल्ब हाय बीमवर: १२० वॉट, १० अँपिअर. बाजूचे, मागचे आणि नंबरप्लेटचा दिवा मिळून अडीच. इग्निशन कॉइल ३ ते ४. पावसात वायपर अडीच-तीन. झाले १९ च्या आसपास. बॅटरी भरायला तीनच उरले. १००/९० टाकले तर नुसते हेडलाइट साडेसोळा अँपिअर खातात, बेरीज २५ च्या वर जाते. वायर कितीही जाड घ्या, रात्रभर बॅटरी उतरत राहणार. @मोकळारस्ता, रिले वीज तयार करत नाही. वरून जास्तीच्या उष्णतेने होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा थर करपतो.

मोकळारस्ता
मग अल्टरनेटर बसवा. डायनॅमो काढा, मायनस अर्थ करा, सगळेच प्रश्न संपले.

कोळसाब्रश
धागा हेडलाइटचा आहे. अर्थ बदलायचा तर कॉइलच्या जोडण्या उलटायच्या, जुना रेडिओ असेल तर तो बघायचा, अल्टरनेटरसाठी डायनॅमोचे व्होल्ट सांभाळणारा कंट्रोल बॉक्स वगळायचा. शनिवारपर्यंत होणारं काम नाही हे.

खटका
@निळीकाच, व्होल्ट मोजलेत का? लो बीम चालू ठेवा, होल्डर बल्बलाच लावलेला असू द्या, मागून पात्यांना मीटरच्या सुया टेकवा. बल्ब काढून मोजलं तर वायर कुजलेली असली तरी बॅटरीइतकाच आकडा येईल आणि फसाल. त्यानंतर एक सुई बॅटरीच्या मायनसला, दुसरी बल्बच्या लो बीमच्या पात्याला: वीज येण्याच्या वाटेवर किती व्होल्ट गळतात ते कळेल. तसंच बॅटरीचा प्लस ते बल्बचं अर्थ पातं. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

निळीकाच
इंजिन बंद ठेवून, दिवे लावून मोजलं. बॅटरी १२.३. डाव्या बल्बला १०.५. येण्याच्या वाटेवर १.१, अर्थकडे ०.७. उजवीकडेही जवळपास तेच. हे वाईट आहे का?

खटका
बल्ब बदलून का फरक पडला नाही ते इथेच कळतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १२.३ ऐवजी १०.५ मिळाले तर उजेड ५८ टक्क्यांवर येतो आणि तार कमी तापल्याने तो पिवळाही दिसतो. तुमचे ६०/५५ ठीक आहेत, त्यांना वीज पोचत नाही.

जुनीतार
आणि म्हणूनच रिलेच्या मागे लगेच धावू नका. आधी साफसफाई. मायनरमध्ये हेडलाइटची सगळी वीज डॅशबोर्डवरच्या स्विचमधून पायाच्या डिपर स्विचला (लो-हाय बदलणारा) जाते आणि तिथून पुढे. तो स्विच गाडीच्या फरशीवर, बुटांखाली. मॅटखालून काढून बघा: तळाशी चिखलाचा वाळलेला थर, पितळी टोकांवर हिरवी बुरशी, वायरचं आवरण ताठ होऊन तडकलेलं. मग पुढच्या बाजूचे गोळीचे जोड उघडा. काळ्या रबरी नळीत दोन्हीकडून वायर खुपसलेली असते. बाहेरून धडधाकट दिसते, ओढली की आतून हिरवी भुकटी पडते. बारीक पॉलिश कागदाने चकचकीत करा, नळी सैल असेल तर नवी घाला. निम्मी गळती इथेच थांबते.

कोळसाब्रश
साफ करायलाच हवं, पण रिलेही हवेत. साठ वर्षांच्या स्विचमधून १० अँपिअर सतत कशाला न्यायचे? रिलेच्या कॉइलला ०.१५ अँपिअर लागतो, स्विचला आराम.

जुनीतार
रिले म्हणजे आणखी आठ-दहा जोड. प्रत्येक जोड उद्याची गळती. आणि रिले लावला तरी अर्थचे ०.७ तिथेच राहतात, हे लोक विसरतात.

कोळसाब्रश
अर्थचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ते काम सर्वांत आधी आणि सर्वांत सोपं. प्रत्येक दिव्याच्या अर्थ पात्यापासून २.५ चौरस मिमीची वायर थेट बॉडीवर, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून, वरून ग्रीस. बॅटरीचा बॉडीला जाणारा पट्टाही काढून घासा.

रिले असे: दोन घ्या, एक लो, एक हाय. पुढचे आकडे रिलेच्या टोकांवर लिहिलेले असतात. ८६ ला डिपर स्विचकडून आलेली वायर, निळी-लाल लो बीमची, निळी-पांढरी हाय बीमची. ८५ बॉडीला. ३० ला नवी वीज, ८७ वरून दोन्ही बल्बना २.५ चौरस मिमी. चार तारांना चार वेगळे १० अँपिअरचे फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा चालू राहतो. मुख्य वायर ४ चौरस मिमी, तिचा ३० अँपिअरचा फ्यूज उगमापासून वीतभर अंतराच्या आत. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडा. तुमच्या गाडीत आधी प्लसची जोडणी काढायची, कारण ती बॉडीची.

खटका
एक भर: कॉइलवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले आणू नका. ८६ वर प्लस येणार असं धरून तो डायोड बसवलेला असतो. प्लस-अर्थ गाडीत वरच्या पद्धतीने जोडलात तर स्विच टाकताक्षणी डायोडमधून शॉर्ट. मायनरच्या मूळ हेडलाइट वायरिंगला फ्यूज नाही, म्हणजे वायरच जळेल. रेझिस्टरवाला किंवा साधा रिले घ्या.

मोकळारस्ता
मुख्य वीज स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला वीज देणारा मोठा स्विच) बॅटरी टोकावरून घ्या, सगळ्यांत जवळ पडतं.

कोळसाब्रश
इथे घाई नको. आरबी१०६ कंट्रोल बॉक्सला ए आणि ए१ अशी दोन टोकं असतात. दिव्यांची वीज ए१ वरून गेली की ती बॉक्समधल्या जादा वेढ्यांतून जाते, बॉक्सला भार कळतो आणि तो डायनॅमोचे व्होल्ट खाली आणून त्याला सांभाळतो. सोलेनॉइडवरून घेतलंत तर भार त्याच्या नजरेआड राहतो, बॅटरी उतरलेली असताना डायनॅमो ताणला जातो. वीज ए१ वरून घ्या.

जुनीतार
ए१ चा स्क्रू आधी घट्ट करा. तो सैल असेल तर नवी वायर टाकूनही व्होल्ट तिथेच गळतील.

निळीकाच
अर्थ केला, पट्टा घासला, चार जोड साफ केले. आता ११.४. फरक डोळ्यांना दिसतोय! रिले उद्या लावतो, साधेच मिळालेत. डिपर स्विचचं तळ जुनीतार म्हणाले तसंच निघालं.

खटका
छान. काचेवर मंजुरीची खूण म्हणून ई अक्षराचं वर्तुळ असेल, त्याखाली बाण आहे का? तुमच्याकडे वाहतूक रस्त्याच्या डावीकडून चालते ना?

निळीकाच
हो, डावीकडून. दोन्ही काचांवर बाण नाही.

खटका
मग ते दिवे उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचे आहेत. लो बीमची रेषा रस्त्याच्या कडेकडे वर चढते, ती तुमच्याकडे डावीकडे चढायला हवी. आत्ता उजवीकडे चढतेय, म्हणजे समोरच्याच्या थेट डोळ्यांत, आणि तुमची डावी कड अंधारात. पहिल्या प्रश्नात कड दिसत नाही म्हणालात, त्याचं अर्धं कारण हेच. दिव्यासमोर उभं राहिल्यावर तुमच्या उजव्या हाताकडे बाण असलेली काच घ्या. दिवा फिरवून बसवून चालत नाही.

काचा बदलल्यावर दिव्यांची दिशा अशी लावा: सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं, भिंत १० मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खूण करा, लो बीमची सपाट रेषा तिच्या १० सेंटीमीटर खाली आणा. एक दिवा झाकून दुसरा लावायचा. वरचा स्क्रू उंचीसाठी, बाजूचा आडवं सरकवण्यासाठी.

चकाचक
नवीन बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, तेलाचा डाग तापून बल्ब फुटतो. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

निळीकाच
बाण असलेल्या काचा परवा येतील. तोवर रात्रीचा प्रवास पुढे ढकलतोय. रिले लावल्यावर व्होल्ट इथेच टाकतो.