तो आपला राघू नव्हे!

माळरान
परवा इथे एकाने लिहिलं, "मॉरिशसमध्ये एका हिरव्या पोपटासाठी चाळीस वर्षं पैसा ओतताहेत. आपल्या राघूसारखाच तो. निसर्गाने संपवायचं ठरवलं असेल तर संपू दे." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी तो पक्षी मॉरिशसच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पाहिलाय. मादी होती. पायात फळ धरून कुरतडत होती आणि चोच काळी कुळकुळीत! आपल्याकडे राघूची मादीही लालचोचीच. शिवाय याची शेपूट आखूड, हिरवा गडद, आवाज खर्जातला. ऐंशीच्या दशकात असे जेमतेम डझनभर उरले होते. निसर्गाने नाही हो, माणसाने ही वेळ आणली. जंगल तोडून ऊस लावला, मूळचं चांगलं रान दोन टक्केही राहिलं नाही. ढोल्या असलेली जुनी झाडं गेली. उंदीर आणि माकडं माणसांनीच आणली, ती अंडी-पिलं खातात.

नारळीबाग
ते लिहिणारा मीच. शब्द मागे घेणार नाही. आमच्याकडे वानर आणि केलडी (लाल तोंडाची माकडं) कोवळे नारळ पाडतात, रात्री रानडुकरं भात लोळवतात. पंचनाम्याला तीन खेपा घातल्या, हाती दमडी नाही. तिकडेही तेच. लिची-आंबा खातात म्हणून 2015 मध्ये मॉरिशस सरकारनेच वटवाघळं मारली ना? मग पोपटाचेच एवढे लाड का?

कास्काव्हेलची लेक
दादा, मी तिथलीच, मराठी घरातली. आम्ही त्याला क्रिओलमध्ये कातो व्हेर म्हणतो. वटवाघळं मारली हे खरं, पण ती जातही फक्त आमच्याच बेटांच्या समूहात सापडते. ती मारल्याचं मला आजही वाईट वाटतं. आणि रानातला चिनी पेरू आम्ही हौसेने टोपल्या भरून आणतो, पण त्याच्या जाळीखाली मूळची रोपं उगवत नाहीत. आमचीही चूक आहे.

एक मात्र सांगते. तिथे राघूही आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यातून सुटलेले. तेच आता कातोच्या ढोल्या बळकावतात.

निर्मलाताई
पिंजऱ्याला का नावं ठेवता? आमच्या वाड्यात मिठू अठरा वर्षं होता. आजी पूजेला बसली की "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचा. पोटच्या पोरासारखा सांभाळला.

माळरान
ताई, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. ढोलीत हात घालून पिलं काढतात, पिशवीत कोंबून बाजारात आणतात. वाटेत किती मरतात ते विकणारा सांगत नाही. तुमचा मिठू वाचलेला एक.

निर्मलाताई
माझ्या आजीला गुन्हेगार ठरवताय? ती गेली त्या दिवशी मिठूने डाळीला चोच लावली नाही. तुम्ही कायद्याची कलमं वाचा!

माळरान
आजीला नाही, धंद्याला म्हणतोय. माझ्या मामाकडेही होता, पंख कापलेला. मांजराने नेला तेव्हा त्याला उडताही आलं नाही. मी सहा वर्षांचा होतो, अजून विसरलेलो नाही.

नारळीबाग
मिठू बाजूला ठेवा. पैसे घालून मिळालं काय?

माळरान
आता सातशेच्या वर आहेत. घरट्यात चार पिलं असली तर सगळी जगत नाहीत, म्हणून जास्तीची काढून हाताने वाढवली. लाकडी पेट्या लावल्या, खाऊ ठेवला. 2005 च्या सुमारास चोच-पिसांचा रोग करणाऱ्या विषाणूने बरेच मेले, तरी सावरले. 2019 मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत 'संकटग्रस्त' गटातून एक पायरी कमी धोक्याच्या गटात आले.

नारळीबाग
बरं. 'निसर्गाने ठरवलं' हे चुकलं, तेवढं मागे घेतो. पैशाबद्दलचं माझं मत तेच.

निर्मलाताई
पेट्या लावून पिलं वाचवली, हे चांगलं केलं. आमचा पिंजरा अजून माळ्यावर आहे. शेजारचा मुलगा मागत होता, देणार नाही. पण आजीबद्दल पुन्हा बोलू नका.

नारळीबाग
आणि केलड्यांचं? नारळ काढायला आलोय, अर्धे खालीच पडलेत.